साच्याबरोबर तुला पाठवताना

प्रिय ठोक्या,

हत्यारांच्या पेटीत हे पत्र सापडलं, म्हणजे तू त्या परक्या कारखान्यात पोचलास आणि आधी लाकडी हातोडीच शोधलीस. वाटलंच होतं मला.

साचा धड पोचला ना? ग्रीस मीच चोपडलंय, आतून-बाहेरून. चोपडताना रडू येत होतं आणि संतापही. बाबांपासून आपण त्यातून ब्रेकची रबरी सीलं काढतोय, पण साचा पहिल्यापासून माल घेणाऱ्या कंपनीचाच. आपली नुसती शेड आणि घाम. कंपनीच्या लंबूसाहेबाने फोनवर सांगितलं, की माल आता तिकडच्या कारखान्याकडून घ्यायचं वरच्यांनी ठरवलंय, साचा पाठवा आणि चालवून दाखवायला माणूसही पाठवा. वर म्हणे, इतक्या वर्षांचं सहकार्य आहे आपलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच माणूस आपल्या स्वयंपाकघरात बसून बाबांबरोबर रबराच्या मिश्रणावर वाद घालायचा. बाबा गेले तेव्हा फोनवर हुंदके देत होता. ते खोटं नव्हतं रे, म्हणून तर जास्त लागतं.

मनात आलं, डाव्या कोपऱ्याचं सांगूच नये. तिथं रबर चिकटतं, उघडण्याआधी हलकेच ठोकावं लागतं, नाहीतर सीलची कड फाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? बसू देत बोंबलत. पण ते सील कुणाच्या तरी गाडीत बसणार, त्या गाडीत लेकरंबाळं असणार. तेव्हा नीट शिकव त्यांना. हातचं राखू नकोस.

महिन्याभरात येतो, तोवर दुसरं गिऱ्हाईक बघ, असं तू मला बजावलं होतंस. बघितलं रे. कुणी दारात उभं करेना. तू हे वाचशील तोवर आपलं प्रेस मशीन भंगारवाल्याने नेलेलं असेल. तुझ्यादेखत नेलं असतं तर तू आडवा पडला असतास.

लंबूसाहेबाला मी एकच अट घातली होती. माणूस देते, पण त्याला तिथंच कायमचा कामावर ठेवायचा. तो बिचारा लगेच हो म्हणाला. तुला विचारलं असतं तर तू साच्याला हातही लावू दिला नसतास. परतीचं तिकीट पाकिटात आहे, असं मी तुला सांगितलं. पाकिटात तिकीट नाही, बाबांचा फोटो आहे. शिव्या घाल हव्या तेवढ्या, पण येऊ नकोस.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी,
तुझीच ताई