तीन कार्बोरेटर आणि एक रबरी नळी

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (त्यातले दोन गुडघे सध्या माझ्या ताब्यात नाहीत, तेव्हा उरलेल्या अंगांचा नमस्कार मानून घ्यावा. गुडघ्यांचं काय झालं ते पुढे येईलच.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आणि आता समोरच्या इमारतीतल्या बाई दोरीवर काय वाळत घालतात तेही तुम्हाला स्पष्ट दिसतं, हे वाचून फार बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा, आठवेल तेव्हा नको. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. एवढं मोठं पत्र पाहून घाबरू नका. मला तुमच्याकडून एक काम हवं आहे, आणि ते काम का हवं आहे हे सांगायला मागून सुरुवात करावी लागेल.

विषय मामंजींच्या गाडीचा. तीच सहा सिलिंडरची, जिच्यात बसलं की तुम्हाला मळमळायचं आणि म्हणून खिडकीची जागा कायम तुम्हीच बळकावायचात (असं तुमचे बंधू सांगतात, मी नव्हते). ती कित्येक वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली निवांत पडून होती. तिने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण हे निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसाच्या घरात कुठल्याच वस्तूला निवांत राहता येत नाही. आधी भिंतीवरचं घड्याळ झालं, मग माझं शिवणयंत्र (ते आता शिवतं, पण मनात येईल त्या दिशेने), आणि मग गाडीचा नंबर लागला. चाकं, ब्रेक, वायरिंग सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते कार्बोरेटरशी.

कार्बोरेटर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही सुखी आहात. इंजिनाला पेट्रोल नुसतं पाजून चालत नाही, ते हवेत नीट मिसळून द्यावं लागतं, आणि ते मिसळायचं काम हा करतो. मामंजींच्या गाडीला असा एकच होता, सहाही तोंडांना पुरवणारा. त्याची मधली दांडी ज्या भोकांत फिरते ती भोकं झिजली होती, तिथून फुकटची हवा आत शिरायची आणि गाडी उभ्या जागी कापायची. यांनी तो खोलून जेवणाच्या टेबलावर पसरला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. एक बारीकसा पितळी जेट (पेट्रोल सोडणारी तोटी) माझ्या बटणांच्या बाटलीत गेला होता, तो सापडेपर्यंत यांनी मला संशयित म्हणून वागवलं, आणि सापडल्यावर माफी मागायच्या ऐवजी बटणं इतकी का साठवतेस म्हणून विचारलं.

मग प्रश्न आला की नवा कुठला बसवायचा. आमच्या कोपऱ्यावरचे गॅरेजवाले (ते स्वतःला फोरमन म्हणवतात, म्हणून आम्हीही म्हणतो) यांचं मत असं की जुन्याच्याच झिजलेल्या भोकांत नव्या बुशी, म्हणजे पितळी कड्या, बसवाव्यात आणि पुन्हा चढवावा. यांचं मत असं की एकाच्या जागी तीन हवेत, दर दोन सिलिंडरना एक. कारण एकच कार्बोरेटर मध्ये बसला की टोकाच्या सिलिंडरना वाटा कमी पोचतो आणि त्यांच्यावर अन्याय होतो. हे सांगताना त्यांचा आवाज इतका कातर व्हायचा, की मला वाटतं लहानपणी जेवायला ते टोकाला बसायचे आणि भांडं तुमच्याकडून पुढे जायचं, त्याच्याशी याचा काही संबंध असावा. फोरमन म्हणाले, “अहो साहेब, एक सांभाळताना नाकी नऊ आले, तीन कोण सांभाळणार?” यावर जो वाद झाला त्यात फोरमन आपला पाना उचलून निघून गेले. चहाच्या वेळेला परत आले, पण तोवर यांनी तिघांची ऑर्डर देऊन टाकली होती.

तीन कार्बोरेटर आले. दिसायला गोजिरवाणे होते, ते मी नाकारत नाही. पण तिघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, एकाने जास्त नाही आणि एकाने कमी नाही, नाहीतर इंजिन लंगडतं. हे तपासायची रीत अशी, की एक रबरी नळी घ्यायची, तिचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं आपल्या कानाशी, आणि सूं असा आवाज ऐकायचा. तिघांचा सूं सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. आता तुमच्या भावाची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लाइनवर कुठे बिघाड आहे ते नुसत्या कानाने ओळखायचे, वरचे साहेब त्यांना मुद्दाम बोलावून घ्यायचे. तेव्हा या कामाला आपल्याइतका लायक माणूस जगात नाही असं त्यांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं. त्यांनी नळी लावली, डोळे मिटले, स्क्रू फिरवले आणि तिन्ही एकसारखे झाल्याचं जाहीर केलं. त्या वेळी पहिला कार्बोरेटर किटलीसारखा शिट्टी मारत होता आणि तिसरा जवळजवळ गप्प होता. मला दारातून ऐकू येत होतं. फोरमन माझ्याकडे बघायला लागले, मी फोरमनकडे, आणि दोघांनीही खाली जमिनीकडे पाहिलं.

वन्सं, मला हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. टीव्हीचा आवाज शेजारच्यांना पुरेल इतका झाला होता. दारावरची घंटा वाजली की दार मीच उघडायचं अशी आपोआप वाटणी झाली होती. फोन आला की हे दोन शब्द बोलून माझ्या हातात देतात आणि लाइन खराब आहे म्हणतात (जन्मभर लाइनीच दुरुस्त केल्या, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरवायला त्यांना वेळ लागत नाही). म्हणूनच तर हे पत्र. तुमचंही उत्तर पत्रानेच यायला हवं, कारण वाचलेलं मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं.

तर तशा अवस्थेत आम्ही पहिली फेरी मारायला निघालो. बँकेच्या दारासमोर गाडीने कार्बोरेटरमधून असा काही बार काढला की पहारेकरी पायऱ्यांवर आडवा झाला, बाहेर रांगेत उभी असलेली माणसं मटकन खाली बसली, आणि एका बाईंनी पिशवी डोक्यावर धरली. हे शांतपणे पुढे गेले आणि मला म्हणाले, “पाहिलंस? जुन्या गाडीला लोक अजून वाकून मान देतात.” मी पोट धरून हसले. पण परतताना उतारावर मागून एक ट्रक आला, सारखा हॉर्न वाजवत. मला तो पाठीतून ऐकू येत होता. यांनी आरशात पाहिलं नाही, बाजू दिली नाही, गुणगुणत राहिले. ट्रक अगदी घासून पुढे गेला तेव्हा दचकले आणि म्हणाले, हल्लीचे ड्रायव्हर साधा हॉर्नसुद्धा देत नाहीत. मला फार भीती वाटली होती, वन्सं, आणि अजून वाटते. आता मी शेजारी बसते आणि मागून काही आलं की यांच्या गुडघ्यावर थाप मारते. पण मी नसताना थाप कोण मारणार?

घरी आल्यावर कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. तुमच्या घराण्याचा राग तुम्हाला सांगायला नको. माझे कान ठीक आहेत, लोक तोंडात बोलतात, असं म्हणाले आणि शेडमध्ये जाऊन बसले. फोरमननी तोवर जुना कार्बोरेटर बुशी बसवून तयार करून आणला होता. एकच असला की जुळवायची भानगड नाही, नळी नको आणि कानही नको. पण नेमकं तेच यांना झोंबलं असणार. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हणून पुढच्या रविवारी मीच नळी हातात घेतली. म्हटलं, मला ऐकून बघायचंय, गंमत वाटते. (गंमत कसली, त्या फरशीवर गुडघे टेकून अर्धा दिवस. गुडघ्यांची हकीगत ती ही.) मी ऐकायची, बोट वर केलं की त्यांनी स्क्रू थोडा पिळायचा, खाली केलं की सैल सोडायचा. आधी मला सगळे सूं सारखेच वाटले. मग हळूहळू कळायला लागलं, की पहिला हावरट आहे, मधला शहाणा आहे आणि तिसऱ्याला आग्रह करावा लागतो. दुपारपर्यंत तिन्ही एका सुरात आले. यांनी इंजिनावर चहाचा कप ठेवला आणि चहा हललासुद्धा नाही. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, पण तळहात झाकणावर ठेवून त्यांना कळलं. माझ्याकडे बघून हसले. असं ते खूप वर्षांत हसले नव्हते, आणि मी केसांना पेट्रोलचा वास घेऊन तिथे खुळ्यासारखी उभी राहिले.

पण हे जुळलेलं आठवडाभरही टिकत नाही. पुढचा रविवार आला की पुन्हा नळी, पुन्हा फरशी. तेव्हा काम असं, की तुम्ही थोरल्या आहात, तुमच्या शब्दाबाहेर ते नाहीत. त्यांना एक खरमरीत पत्र लिहा. एक, कानाच्या डॉक्टरकडे जा. दोन, तीन कार्बोरेटर काढून मामंजींचाच पुन्हा बसव. मी सांगितलं असं लिहू नका.

तब्येतीला जपा. डोळ्याला पाणी लागू देऊ नका.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. वरचं लिहून रात्रभर तसंच ठेवलं होतं. सकाळी वाटलं, कार्बोरेटरबद्दल काही लिहू नका. डॉक्टरचं तेवढं लिहा. गुडघ्यांखाली मी उशी घेते आहे.

ता. क. दुसरा. ताई, इथून पुढे अक्षर माझं. हिने पाकीट चिकटवून मला पोस्टात टाकायला दिलं, आणि घरातला डिंक मी आणलेला असल्यामुळे तो धरत नाही. पोस्टातल्या बाकावर बसून सगळं वाचलं. टोकाला बसल्याचं खरं आहे, त्याचं आपण नंतर पाहू. त्या ट्रकने हॉर्न दिला होता, हे मात्र मला आज कळलं. मग तसाच उठून कानाच्या डॉक्टरकडे गेलो, म्हणून हे पत्र तुला उशिरा मिळेल. डाव्या कानाने राजीनामा दिला आहे, उजवा अर्ध्या पगारावर आहे. यंत्र लवकरच मिळेल. गाडी चालवताना घालीन, जेवताना घालीन, ही बोलत असेल तेव्हा घालीन. रविवारी सकाळी तेवढं काढून ठेवणार, कारण पेट्रोलच्या वासाने ते बिघडतं. (डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत.) पण मी हे वाचलं हे हिला कळता कामा नये. तेव्हा उत्तरात तू मला सणसणीत रागाव. मी रीतसर फुगून बसेन, आणि मग केवळ तुझ्या धाकाने डॉक्टरकडे जाईन. हिला फार बरं वाटेल.