तुआनच्या आजींची तांदळाची दारू

कॅल्गरी, १४ जानेवारी २०१७

तीर्थरूप बापू,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून खरं लिहिते. मला ज्याच्याशी लग्न करायचंय त्या तुआनच्या व्हिएतनामी आजींनी काल मला घरी गाळलेली तांदळाची दारू दिली आणि मी ती प्यायले.

आजी बोलत होत्या, तुआन इंग्रजीत सांगत होता. फ्रेंचांच्या राज्यात घरी दारू गाळायला बंदी होती, म्हणून आजींची आई मडकी उंच गवतात लपवायची. "पण त्या मेल्यांना वास यायचाच!" आजी म्हणाल्या. मग विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

"सरकारी नोकरी," मी म्हटलं. तुआन गाढवानं पुढचंही सांगितलं. दारूबंदी खातं, हातभट्ट्यांवर धाडी, तीस वर्षं.

आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, मोडलं लग्न. तेवढ्यात त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. "तेही गवतात शोधायचे?"

"उकिरड्यातसुद्धा," मी जरा अभिमानानंच म्हटलं.

"उकिरडा! आईला सुचलंच नाही," आजी हळहळल्या. "लग्नात त्यांना माझ्याशेजारी बसवा."

उद्या फोनवर एवढंच सांगेन, की मुलाच्या आजी तुमच्या नोकरीची फार आपुलकीनं चौकशी करत होत्या.

डोकं धरून बसलेली,
तुमची गुंजन