चढावरच्या व्हॅनची वाटणी

मी, पडदे शिवणारी, वय वर्षे सदुसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून देते. हृदय थकलंय, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. माझे पती या घडीला बाहेर व्हॅनच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे आहेत, दबाव आणायला त्यांना सवड नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि मागचं शिवणघर माझ्या कमाईचं, माझ्या नावावर आहे. माझ्यामागे पतींनी तिथे हयातभर राहावं, नंतर ते मुलीचं. वकीलबाईंनी विचारलं, "त्यांनी दुसरं लग्न केलं तर?" मी म्हटलं, "करू नये असं लिहा." त्या म्हणाल्या की त्यावरून उगाच वाद होईल. म्हणून लिहीत नाही. पण मी म्हटलं होतं, एवढं इथे राहू द्यावं.

२. दोन्ही शिलाई मशीन आणि सगळ्या कात्र्या मुलीला. माझ्या जावेने मोठ्या कात्रीला हात लावू नये. एकदा मागून नेली आणि तिने पुठ्ठे कापले. धार गेली ती गेलीच.

३. जुनी टर्बो डिझेल व्हॅन. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

ही व्हॅन मीच घेतली, हे चालवतात. मागे पडद्यांचे गठ्ठे आणि लोखंडी दांडे भरले की ती गावाबाहेरच्या चढावर रडायची. मग मी उतरायची आणि मागून चालत वर जायची. ह्यांनी ती पंपवालीकडे नेली. पंपवाली म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणारी, स्वतःचं वर्कशॉप असलेली, नवरा नसलेली बाई. ह्यांना दादा म्हणते. म्हणू दे.

त्या दिवसापासून आमच्या जेवणात तिसरं माणूस आलं. "ती म्हणते, टर्बोचा रबरी पाइप चिरलाय, हवा वाटेतच निसटते." "ती म्हणते, आधी हवा गार करून आत सोडू, मग डिझेल वाढवू." "ती म्हणते, नुसतं डिझेल वाढवलं तर काळा धूर निघेल, जोर नाही." मी आमटी वाढत होते. आमटीबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं.

शेवटी ह्यांचा विसरलेला डबा घेऊन मीच तिथे गेले. ती इंजिनावर वाकलेली, हे शेजारी दिवा धरून उभे. माझ्या मशीनमध्ये दोरा अडकला तर ह्यांना चष्मा सापडत नाही. हे हात धुवायला गेले तसं मी तिला सरळ विचारलं, "ह्यांना एवढा जोर कशाला हवाय? शर्यत लावायचीय?"

ती फडक्याला हात पुसत म्हणाली, "वहिनी, तुम्हाला बोलले नाहीत? पहिल्याच दिवशी म्हणाले, चढावर बायकोला उतरून चालावं लागतं, तिला धाप लागते. तेवढं थांबव."

माझी धाप ह्यांना दिसली होती, हे मला तिच्या तोंडून कळावं? घरी आल्यावर मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, चालेन मी, खर्च नको."

"आणि तिला बरं सांगता आलं?"

"तिला सांगायचंच होतं गं. गाडीला काय कमी पडतंय ते सांगायला नको?"

यावर मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी व्हॅन दुरुस्त होऊन आली, सगळं भरून निघालो. चढ आला, ह्यांनी पाय दाबला, व्हॅन क्षणभर अडखळली आणि मग अशी उसळली की मागचे दांडे खणखणले. मी जागेवर बसूनच वर पोचले. सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते, कारण मला हसू येत होतं आणि ते त्या बाईच्या कामाचं होतं.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, माझ्यामागे व्हॅन ताबडतोब विकावी. ह्यांनी तो वाचला. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग मुलीकडे वर कसा जाऊ? चालत?" मुलीचं घर त्याच चढावर, आणि ह्यांचे गुडघे गेलेत.

म्हणून व्हॅन पतींना देते. दुरुस्तीला ती पंपवालीकडेच न्यावी. मी दवाखान्यात असताना दुसऱ्या मिस्त्रीने हात लावला आणि ती धूर ओकत परत आली. मात्र प्रत्येक वेळी मुलीने सोबत जावं, आणि काम होईपर्यंत तिथेच बसावं.

४. पंपवालीच्या वर्कशॉपच्या रस्त्याकडच्या खिडकीला पडदा नाही. तिला माझ्याकडून एक पडदा द्यावा, तो मी शिवून ठेवला आहे. ह्यांनी विचारलं, "जाड कापडाचा केलास ना? ऊन येतं तिथे." जाड नाही. जाळीचा केलाय. रस्त्यावरून आतलं सगळं दिसलं पाहिजे.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही करते.

मृत्युपत्र करून देणार: सही, पडदे शिवणारी
साक्षीदार: सही, शेजारचे रंगारी
साक्षीदार: सही, दाखला देणारे डॉक्टर
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तो