श्री आणि चार हजार एकशे बारा पुस्तकं

॥ श्री ॥

दूधविनायक, काशी
१८ नोव्हेंबर २०१४

तीर्थस्वरूप शरदिनी आत्यास,

नीलकंठचा साष्टांग नमस्कार. नागपूरच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? पाठवलेलं तेल लावतेस की देव्हाऱ्याशेजारी नुसतं मांडून ठेवलं आहेस, ते खरं कळव. इकडे बालाजी घाटाच्या पायऱ्या पाण्याबाहेर आल्या, त्यामुळे माझं सकाळचं स्नान सुरळीत चालू आहे.

आता अभिमानाची बातमी. सव्वीस वर्षांपूर्वी गावाहून आणून तू मला ज्या वाचनालयात बसवलंस, त्याची सगळी पुस्तकं आता संगणकात आहेत. रुमालात बांधलेल्या पोथ्या धरून चार हजार एकशे बारा. आठ महिने खपून मी ती एका बोटाने चढवली. (उजव्या हाताच्या. ग्रंथाला डावा हात लावायचा नाही, हे गावच्या मास्तरांनी छडीसकट शिकवलं होतं.) निकड होती. अध्यक्ष वासुदेवरावांचं म्हणणं असं, की मागितलेलं पुस्तक इथे सापडत नाही. तेव्हा सगळी पुस्तकं एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला देऊन टाकावीत आणि खोल्या यात्रेकरूंना द्याव्यात. विश्वस्तांच्या बैठकीत ते ठरायचं होतं.

बैठकीच्या आठ दिवस आधी वासुदेवराव तपासणीला आले. म्हणाले, "क ची यादी काढा." एकही पुस्तक नाही. ख नाही, ग नाही, म नाही. शेवटी श काढला, तर चार हजार एकशे बारा. आत्या, चूक एवढीच, की वर श्री लिहिल्याशिवाय मी जन्मात कधी कागदाला शाई लावलेली नाही. संगणक दर पुस्तकाला नवं कोरं पान पुढे करायचा, आणि मी दर नावाच्या आधी श्री लिहायचो. (पाकशास्त्राच्या पुस्तकालासुद्धा. अन्न पूर्णब्रह्मच आहे.) वासुदेवराव यादीकडे पाहत म्हणाले, "नीलकंठ, हे वाचनालय आहे की जपमाळ?"

समोरच्या घरातली सुमेधा विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. ती येऊन बघून गेली. "काका, श्री पुसू नका. मशीनला फक्त सांगायचं, श्री छोड़कर पुढच्या अक्षरापासून लाव. सेटिंग असते त्याची." हे ऐकून मला जास्तच अवघड वाटलं. देवाचं नाव ओलांडून जा, असं यंत्राला आपणच शिकवायचं? दोन दिवस घाटावर बसून विचार केला. मग वाटलं, दारावरच्या गणपतीला हात जोडून माणूस घरात जातोच की. उंबऱ्यावर बसून राहत नाही. सुमेधाला म्हटलं, कर. तिचा चहा गार व्हायच्या आत सगळी पुस्तकं आपापल्या अक्षराखाली जाऊन बसली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर श्री जसंच्या तसं.

बैठकीत वासुदेवरावांनी सात पुस्तकं मागितली, सातही मिळाली. मग ब्याऐंशी वर्षांच्या बकुळाबाई, विश्वस्तांत सगळ्यांत वडील, म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी एक वही दिली होती. हाताने लिहिलेली. नाव आठवत नाही." मी देणगीदाराच्या जागी त्यांच्या वडिलांचं नाव घातलं. कपाट चार, रुमाल सतरा. वही हातात आल्यावर बाईंनी संगणकाकडे पाहिलंही नाही. पहिल्या पानावरून बोट फिरवत बसल्या. आत्या, सव्वीस वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, की आपण नुसती धूळ झटकली नाही.

सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

तुझा आज्ञाधारक,
नीलकंठ

ता. क. : बैठकीचा निकाल लिहायचा राहिला. शेवटी वासुदेवराव म्हणाले, "पुस्तक सापडतं, मान्य. पण शोधायला येतं कोण?" मतं पडली तीन आणि तीन. सातवी विश्वस्त तू. तुझं मत टपालाने तीस तारखेच्या आत पोहोचलं पाहिजे.

आणखी एक : मतपत्रिका सोबत आहे. परतीच्या पाकिटावर पत्ता लिहून तिकीटही लावलं आहे. तुला चष्मा शोधायला लागू नये म्हणून "वाचनालय चालू ठेवावे" यासमोर मी पेन्सिलने बारीक खूण केली आहे. तीच शाईने गिरवायची. तू अगदी स्वतंत्र बुद्धीने मत दे. खूण खोडताही येते. खोडरबर मात्र मी पाठवलेलं नाही.