देवघरातलं शाकाहारी अंडं

अहो,

ऐकताय ना? की तिथंही कुणाला तरी धरून कोंबडीच्या पायाची हाडं समजावत बसलाय?

आज पत्र लिहायला घेतलं, कारण सकाळी पूजेला बसले तर हात आपसूक डावीकडे गेला आणि तिथली पितळी ताटली रिकामी! तुमचं अंडं काल गेलं. विद्यापीठाची गाडी आली होती. कापसात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून नेलं. हरिशंकरपुरममधली आपली अख्खी गल्ली दारात उभी. समोरच्या शर्माबाई विचारतात, "भाभीजी, भगवानजी कहाँ जा रहे हैं?" मी म्हटलं, "नौकरी पर." आता हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

ते घरात आलं कसं, आठवतं? आपलं लग्न नुकतंच झालं होतं, इथंच ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीत भाड्यानं राहत होतो. तुम्ही शाळेतल्या मुलांची सहल घेऊन नर्मदेकडे निघालात. सासूबाईंनी बजावलं, "येताना पंचायतनासाठी महादेवाचा बाण आण. नर्मदेतलाच गोटा हवा, बाजारातला आणलास तर बघ." तुमची बस वाटेतच बिघडली. नदी काही दिसली नाही. मग तुम्ही कुठल्याशा शेताच्या बांधावरून सोललेल्या नारळाएवढा गोल दगड उचललात आणि आणून आईच्या पुढ्यात ठेवलात. शुद्ध थाप! त्या माउलीनं "अगंबाई, एवढा मोठा बाण!" म्हणून त्याला दूध-दह्यानं न्हाऊ घातलं, गंध लावलं, बेल वाहिला. झाला महादेव.

पुढे कितीतरी वर्षांनी, सासूबाईंचे गुडघे धरले होते म्हणून तुम्हाला पूजेला बसवलं. आतून ओरडलात, "सुमे, भिंग आण!" मला वाटलं, विंचू निघाला. येऊन बघते तर तुम्ही त्या दगडाला नाक लावून बसलेले. बायोलॉजीचे मास्तर, पण आवाज पोरासारखा चिरकलेला. "हा दगड नाही गं. अंडं आहे. डायनासोरचं!"

अहो, ज्या घरात ओट्यावर कोंबडीचं अंडं आलं तर ओटा धुऊन काढतील, त्या घराच्या देवघरात अंडं! आणि रोज त्याचं तीर्थ आपण सगळे भक्तिभावानं पीत होतो!

सासूबाई तुमच्याशी बोलेनात. तुम्ही घरात मांजरासारखे वावरत होतात. मग एका दुपारी भाजीची पाटी बाजूला सारून त्यांनीच विचारलं, "काय खायचा रे तो?"

"कोण?"

"ज्याचं अंडं, तो."

"झाडाचा पाला. लांब मानेचा असतो आई, मांसाला शिवत नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के शाकाहारी."

"मग राहू दे. इतकी वर्षं माझ्या हातून पाणी पडलंय त्याच्यावर, देव झालाय तो."

मी पदर तोंडात कोंबून हसत होते. तुम्ही मात्र त्यांच्या पायांवर डोकं ठेवलंत. तेव्हा मला तुम्ही फार आवडलात, आज सांगते.

मांस खाणारे ते दुसरे, दोन पायांवर धावणारे, हे तुम्ही आईला सांगितलं नाहीत. मला सांगितलंत. रोज सकाळी छतावर पोळीचे तुकडे टाकून हाक मारायचात, "या महाराज, या!" कावळे आले की माझा हात धरून दाखवायचात. "चाल बघ त्याची. तीन बोटं पुढे, पायावर खवले. छातीपुढचं ते चिमट्यासारखं हाड त्या शिकाऱ्यांनाही होतं. पिसं तर उडायच्या कितीतरी आधी फुटली होती त्यांना, ऊब धरायला. मोठे मेले सुमे, हे धाकटे उरले. डायनासोर संपले म्हणू नकोस, ते आपल्याकडे पोळी मागायला येतात." चहा गार व्हायचा माझा!

हेच तुम्ही गणपतीत बाडा चौकाजवळच्या आपल्या मराठी मंडळात सांगितलंत. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे सर, पितृपक्षात आम्ही डायनासोरांना पान वाढतो?" सगळा हॉल फिदीफिदी हसला. मी पहिल्या रांगेत, कानशिलं तापलेली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हो. आणि एवढा मान त्यांना जगात दुसरं कुणी देत नाही." मग काय टाळ्या पडल्या! परत येताना मी तुम्हाला माझ्यातर्फे कचोरी खाऊ घातली. तो माझ्याकडून सत्कार होता बरं का.

पण लोक ते लोकच. घरातल्या महादेवाला अंडं म्हणतो म्हणून तुमचं नाव पडलं 'अंडेवाले सर'. आपला अभय शाळेतून शर्ट फाडून घेऊन यायचा त्या नावापायी. तुम्हाला कितीदा म्हटलं, एकदा तपासून घ्या, तोंडं बंद होतील. तुमचं एकच, "तपासायचं तर टवका काढावा लागेल. आईच्या देवाचा टवका काढू?" सासूबाई गेल्यावर मात्र एकदाच बोललात, "पोरांनी बघायला हवं गं हे. पण आता तो तुझा देव. तू म्हणशील तेव्हा." आणि पुन्हा विषय नाही! जगाला ऐकवून बेजार करणारा माणूस, बायकोकडे हट्ट करताना तेवढी वाचा गेली? याचा मला अजून राग आहे.

तुमच्या दहाव्याला काय झालं ते ऐका. तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळा कडुलिंबावर बसलेला, ढिम्म. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला." अभय म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा मान फिरवून बसला. भाऊजी म्हणाले, "कुलदेवीला जाऊन येऊ." तुम्ही आणि कुलदेवी! मग कुणी म्हणालं, "नातीचं लग्न थाटात करू." आपली रेवा अकरावीत, भोकाड पसरून म्हणते, "मुझे नहीं करनी शादी!" शेवटी गुरुजींनी दर्भ हातात घेतला, गवताचा कावळा करून पिंडाला शिववायला.

तिथं माझं डोकं फिरलं. जन्मभर खऱ्या कावळ्यांना जेवू घालणाऱ्या माणसाला गवताचा कावळा? बायकांतून उठले, पुढे गेले आणि म्हटलं, "अहो, अंडं तपासून घेते. खरं निघालं तर पोरांना दाखवते, खोटं निघालं तर तेही सांगते. आता या जेवायला. या महाराज, या!"

कावळा उतरला. तुमच्या त्या तीन बोटांवर डुलत आला आणि पिंडाला चोच मारली. अभय माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. ठाऊक आहे मला, तुम्ही म्हणाल की हाक ओळखीची होती आणि त्याला भूक लागली होती. म्हणा! मी काय मानायचं ते मी मानीन.

घरी आल्यावर अभय म्हणाला, "आई, साधा गोटा निघाला तर? आता कुठे लोक विसरलेत. बाबा गेल्यावरही हसतील त्यांच्यावर." खरं सांगते, मलाही तीच भीती. तुमची सगळी अब्रू त्या एका दगडात. पण तळ्याकाठी चार माणसांत बोलून बसले होते, आता माघार कशी घेणार?

विद्यापीठातून एक तरुण बाई आल्या, जबलपूरकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. भिंगातून अंड्याचं कवच बघत मला विचारतात, "माताजी, ये दाने कभी देखे आपने?" देखे? सासूबाई गेल्यापासून रोज ते खसखशीएवढे दाणे माझ्या बोटांना लागतात! बाईंनी खालच्या अंगानं नखाएवढा टवका काढला. तेवढा वेळ मी अंडं मांडीवर घेऊन बसले होते, बाळाचे कान टोचताना धरतात तसं. मनात म्हटलं, सासूबाई, माफ करा, तुमच्या लेकासाठी चाललंय.

मग नुसती वाट बघणं. फोन वाजला की अभय माझ्याकडे बघायचा आणि मी देवघराकडे. शेवटी आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "माताजी, बधाई हो. सर सही थे." एवढंच बोलल्या. 'सर सही थे'! मेथी घरभर झाली. आधी हसले, मग अशी रडले की शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं कुणी गेलं. अहो, हे शब्द ऐकायला तुम्ही का नव्हतात? थोडं थांबता आलं नसतं?

अभय ऑफिसातून आला आणि बसला फोन घेऊन. नागपूर, पुणे, इंदूर, सगळ्या गोतावळ्याला. सासरच्या, माहेरच्या, भांडण झालेल्यांनाही. तुमच्या जुन्या हेडमास्तरांना लावला तेव्हा मी ऐकलं. छाती काढून म्हणत होता, "जी, अंडेवाले सर का बेटा बोल रहा हूँ."

काल नेताना मात्र मी एक अट घातली. त्या बाई म्हणाल्या, वरचा पिवळा डाग साफ करावा लागेल. मी म्हटलं, तो डाग नाही, गंध आहे. सासूबाईंच्या बोटाचं, वर्षानुवर्षं एकाच जागी लावलेलं. कोट्यवधी वर्षांचं तुम्ही सांभाळा, पण आमच्या घरचं एवढं ठेवा. त्या म्हणाल्या, "रहने देते हैं." काचेच्या कपाटात तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. सापडलं कुणाला ते लिहिलंय, आणि ग्वाल्हेरच्या एका घरात हे देव म्हणून पूजलं गेलं, तेही लिहिलंय. बघा, आई आणि लेक एकाच पाटीवर आलात.

देवघर ओकंबोकं दिसतं, खोटं कशाला बोलू? ताटली उचलवत नाही. आज तिच्यावर नुसतंच एक बेलाचं पान ठेवलं. मग पोळी घेऊन छतावर गेले. एक महाराज कठड्यावर हजर होतेच. त्यांनाच आधी सांगितलं, तुमच्या चुलत घराण्यातलं अंडं नोकरीला लागलं म्हणून.

विद्यापीठवाले विचारत होते, शाळांची मुलं येतील तेव्हा त्यांना समजावून कोण सांगेल? मी म्हटलं, मी. अभय म्हणाला, "आई, तू?" का? जन्मभर गार चहा प्यायले ते फुकट का? तर वचन देते, हातपाय चालताहेत तोवर तिथं उभी राहून एकेका पोराला सांगीन. आधी अंडं दाखवीन, मग खिडकीतून कावळा. आणि मागून कुणी फिदीफिदी हसलंच, तर तुमच्यासारखं शांत उत्तर मला जमायचं नाही. कान धरून छतावर नेईन आणि तीन बोटं मोजायला लावीन!

तुमची,
अंडेवाल्या सरांची बायको,
सुमन