आज्ञाधारक मुलीची शिफारस

वोल्फ्सबुर्ग,
२१ जानेवारी २००६

आदरणीय दादाराव मामांना क्रांतीचा सविनय जयभीम.

एर्लांगेनला आपण, नीतामामी आणि आपला दुखरा गुडघा, तिघेही या थंडीत सुखरूप असाल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. बिघडली आहे ती केवळ पत.

आपल्याच शब्दावर मला या क्रेनच्या कंपनीत नोकरी मिळाली. मुलगी हुशार आहे, आज्ञाधारक आहे, कधी उलट बोलत नाही, असे आपण ब्रांट साहेबांना सांगितलेत आणि त्यांनी मला तत्काळ सुरक्षा विभागात नेमले. (मी शालान्त परीक्षेत जिल्ह्यात पहिली आले होते, तरी या दोन गोष्टींचा संबंध कळायला मला चार महिने लागले.) येथे माझ्या होकारावाचून क्रेन हलत नाही. रोज सकाळी साहेब विचारतात, "आल्झो, फ्राउ कांबळे, या?" म्हणजे "मग, कांबळे बाई, हो ना?" आणि मी मान तुकवते.

गुरुवारी मात्र रात्रभर पडलेला पाऊस क्रेनवर गोठला होता. तिच्या लांब हातावर बर्फाचे जाड थर, ओझ्याला बांधायचे पट्टे लाकडासारखे ताठ, आणि त्यात वारा. मी नकार दिला, "नाइन" म्हणाले. ते इतके हळू होते की साहेबांनी आभार मानून काम सुरू करायला सांगितले. मग तेच मला आणखी दोनदा, चढत्या आवाजात, म्हणावे लागले. क्रेनचालक उवे निमूटपणे खाली उतरला आणि कॉफी प्यायला गेला. (जाताना म्हणाला, "म्हणजे आवाज आहे तर तुम्हाला.")

काम थांबल्याने मोकळ्या झालेल्या जागेत साहेबांनी आपली मोटार उभी केली. ऊन आले, वरून बर्फाची लादी सुटली आणि मोटारीचे छत आसनांना टेकले. साहेबांचे म्हणणे असे की, काम चालू असते तर लादी मोटारीवर पडलीच नसती. हे खरे आहे. तेथे पट्टे बांधणारी दोन माणसे उभी असती.

त्यांनी तक्रारीचा फोन आपल्याला केला आणि आपण मला. "क्रांते, जरा नमतं घे. सोमवारी माफी माग, नाहीतर उमेदवारीचा प्रोबेत्साइट संपायच्या आतच काढून टाकतील." मी "हो मामा" म्हणाले. माफी मोटारीबद्दल मागायची की त्या दोन माणसांबद्दल, हे विचारायचे राहून गेले.

आपली (अद्याप) आज्ञाधारक भाची,
क्रांती

ता. क. मामींनी विणलेले हातमोजे फार उबदार आहेत.

ता. क. २. बर्लिनच्या एका कंपनीला माझ्याविषयी आपला अभिप्राय हवा आहे. या वेळी कृपया मुलगी हट्टी आहे, असे कळवावे.

ता. क. ३. माफी मागायची नाही, असे मी ठरवले आहे. तरी सोमवारपर्यंत मला फोन करू नये. आपला आवाज ऐकला की मी पुन्हा "हो मामा" म्हणेन.