लताचे गॅरेज आणि नवा कॅमशाफ्ट

मी, धाकू लवू परब, वय अडुसष्ट, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार असल्फा, घाटकोपर (पश्चिम), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; असता तरी मी जुमानला नसता. डोके ठिकाणावर आहे, कान तर त्याहून शाबूत आहेत.

१. राहती खोली माझी पत्नी सुगंधा हिला. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी, नाहीतर कुलूप घालून गावी जावे. तिला कोणी जाब विचारू नये.

२. कुर्ल्याचे गॅरेज, सर्व हत्यारांसह, माझी मुलगी लता हिला. लग्न झाले तरी तिचेच. माझे मेहुणे बाळ सावंत “पोरीच्या हातात पाना शोभत नाही” म्हणत कोर्टाची भाषा करतात, म्हणून कारण देतो.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास चंद्रप्रकाशची टॅक्सी आली. इंजिनात टिकटिक, चढावर दम नाही. माझा मुलगा सहदेव याने दोनदा टॅपेट सेट केले. आवाज पुन्हा हजर. लता म्हणाली, “बाबा, कॅम झिजलाय.” कव्हर उघडून इंजिन हाताने फिरवले, तर एक व्हॉल्व्ह जेमतेम उचलत होता. व्हॉल्व्ह उचलणाऱ्या कॅमशाफ्टचा तिथला उंचवटा पार घासून गेला होता. नवा कॅमशाफ्ट घातला, त्यावर घासणारे टॅपेटही नवे. जुने ठेवले तर ते नव्याला खातात.

मग सहदेवने इंजिन चालू केले आणि तसेच स्लोवर ठेवून नारळ, आरती, पेढे! लता ओरडली, “दादा, रेस दे ना! नव्या कॅमला तेल पोचू दे!”

“थांब गं, आरती तरी होऊ दे.”

महिन्याभरात नव्या कॅमची वाट लागली. यापुढे गॅरेजात पूजा इंजिन बंद असतानाच करावी, आणि चालू केल्यावर सुरुवातीला रेस सोडू नये. देवाला चालते.

३. माझी मोटारसायकल सहदेवला, असे लिहिले होते. हे कलम खोडले आहे. मसुदा वाचून दाखवताना तो भडकेल याची माझी तयारी होती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, हा वकिलांचा सल्ला ऐकून तो म्हणाला, “मग माझं नाव काढा, बाबा. उद्या मामा लतीला कोर्टात खेचायला आला तर तिच्या बाजूने मीच उभा राहीन. मग काय बोलणार तो?”

माझा ऊर भरून आला. तोंडावर सांगणे जमले नाही, म्हणून इथे लिहितो.

ठिकाण: घाटकोपर. तारीख: १४ नोव्हेंबर १९८६.
सही: धाकू लवू परब

त्यांनी आम्हा दोघांसमोर सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.
साक्षीदार:
चंद्रप्रकाश तिवारी, टॅक्सीमालक
सहदेव धाकू परब, लताचा भाऊ